चापूचा माग

घोडेगावला महामार्ग सोडून सोनईकडे वळलात, की एका बाजूला नगर राहतं, दुसऱ्या बाजूला छत्रपती संभाजीनगर. आफ्रिकेच्या इतिहासातला एक थोर माणूस याच मुलखात लढला आणि नांदला, असं म्हटलं तर?

मलिक अंबर आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. नगर १६०० मध्ये मोगलांनी घेतल्यावरही निजामशाही जगवणारा, खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवणारा वजीर. पण इथिओपियात जन्मलेल्या या माणसाचं पहिलं नाव चापू होतं, हे कळलं कुठून? विकल्या गेलेल्या पोराची नोंद कोण ठेवणार?

ठेवली एका डच व्यापाऱ्याने! पीटर व्हॅन डेन ब्रोके १६१७ मध्ये अंबरला भेटला. मूळ नाव चापू, तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात विक्री, असं त्याने लिहून ठेवलं. पुढे बगदाद, मग दख्खन. आणि इथे त्याला विकत घेणारा कोण? निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतःही हबशी, स्वतःही एकेकाळचा गुलाम!

दुसरा साक्षीदार तर वैरीच, मोगल बादशहा जहांगीर. त्याचा चित्रकार अबुल हसनने १६१६ च्या सुमारास काढलेल्या चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. अंबर १६२६ मध्ये, म्हातारपणी, आपल्या मरणाने गेला. बादशहालाही मनातली लढाई कागदावरच जिंकावी लागली, याची मला फार गंमत वाटते.

खरी लढाई झाली नगरजवळ भातवडीला, १६२४ मध्ये. अंबरने तलावाचं पाणी सोडलं आणि मोगल-आदिलशाही फौजेचा तळ चिखलात रुतवला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. आणि या लढाईचं वर्णन आहे संस्कृतात, कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त!

एका हबशाचा माग काढायचा तर डच, फारसी, संस्कृत, सगळीकडे हात घालावा लागतो. बी. जी. तामसकरांनी १९७८ मध्ये त्याच्यावर अख्खा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो उगाच नव्हे. या साधनांत मोडी कागदांचीही भर घाला. कारण अंबरने जमिनीचा कस आणि पीक पाहून सारा ठरवला, आणि तो गेल्यावरही गावोगावी वसूल होत राहिला तो मलिकंबरी धाराच.