सेवाभाव हवाच, पण यादी आधी हवी

२०२१ च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट राज्यात ज्या जिल्ह्यांत सुरुवातीलाच उसळली, त्यांत अमरावती होता. अमरावती, अचलपूरपाठोपाठ अंजनगाव सुर्जीतही कडक टाळेबंदी आली. अशा वेळी मदतीला धावणारे तरुण आपल्या वस्त्यांत कमी नसतात; कमी पडते ते नियोजन. कोणी कुठे जायचे, काय करायचे, कोणाचे ऐकायचे हे ठरलेले नसेल, तर दवाखान्याबाहेर गर्दी वाढते, डॉक्टरांचा वेळ जातो आणि स्वयंसेवकच आजारी पडतो.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने पडून राहिलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदांना सोबत घेऊन स्वतः स्वच्छ केले. पुढे रुग्णसेवा कोणी करावी, हेही सांगितले : ज्याला औषध तयार करता येते, पथ्य-अपथ्य कळते, जो लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करतो, मलमूत्राची किळस करत नाही आणि रुग्णाला धीर देऊ शकतो. म्हणजे करुणेसोबत कौशल्यही हवे.

म्हणून कामाची वाटणी प्रशिक्षणानुसार करावी. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते यांची नोंदणी प्रमाणपत्रे आधीच पाहून ठेवावीत. इंजेक्शन, औषधोपचार हे त्यांचेच काम. प्रथमोपचार शिकलेल्यांनी जखम बांधावी, रुग्णाला सुरक्षित हलवावे, १०८ ला फोन करावा. बाकीच्यांनी पिण्याचे पाणी, स्वच्छता, नोंदी आणि निरोप सांभाळावेत. हे काम हलके नाही. याच तालुक्यातील शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर खराटा हातात धरून तेच दाखवले.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तालुक्यात तहसीलदार आणि तालुका आरोग्य अधिकारी यांच्याकडे आपली यादी पावसाळ्याआधीच द्यावी. आपत्तीत त्यांच्याशी एकानेच बोलावे. पाच-सहा जणांमागे एक गटप्रमुख असावा. येताना-जाताना हजेरी घ्यावी, एकट्याला कुठे पाठवू नये, आठ तासांनंतर सुटी द्यावी. मास्क, हातमोजे आणि धनुर्वाताची लस यांत हयगय नको. रुग्णाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नयेत.

आपल्यासाठी हा प्रश्न आणखी महत्त्वाचा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील नागपट्टिनममध्ये दलित कुटुंबांना मदत छावण्यांतही भेदभाव सोसावा लागला. आपले प्रशिक्षित तरुण अधिकृत यंत्रणेत असतील, तर वस्ती यादीतून सुटणे अवघड होईल. गरोदर महिला, एकटे वृद्ध, डायलिसिसवरचे रुग्ण आणि विदर्भात आपल्या समाजात आढळणारे सिकलसेलचे रुग्ण कोणत्या घरात आहेत, हे घरोघरी जाऊन आधी नोंदवा. ही माहिती गटप्रमुखापाशीच ठेवा. आणि प्रत्यक्ष मदत करताना कोणाचीही जात विचारू नका.

सुरुवात येत्या रविवारी विहारातच होऊ शकते. एक वही घ्या. नाव, फोन, रक्तगट, प्रशिक्षण आणि कोणत्या वेळी येऊ शकतो, एवढे पाच रकाने आखा. दर सहा महिन्यांनी फोन लावून नावे तपासा. शाहानूरला पूर आल्यावर वही शोधत बसायची वेळ येऊ नये.