शेत बर्फाखाली, पाहुणे घरात

आपल्याकडे थंडी पडली की गहू-हरभरा जोम धरतो. जपानच्या नागानो प्रांतातील नोझावा ओन्सेन गावात मात्र थंडीत शेत दिसतच नाही. सायबेरियाचे गार वारे समुद्रावरून बाष्प उचलतात, डोंगराला अडतात आणि बर्फाचे ढीग टाकून जातात. छपरावरचा बर्फ वेळेवर ओढला नाही तर घर दबते; ओढताना माणसे पडून दगावतातही.

मग पोट कसे भरायचे? अशा मुलखातले गडी पूर्वी हिवाळ्यात शहरात मजुरीला जात. इथे १९२३ साली स्कीचा, म्हणजे पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याच्या खेळाचा क्लब निघाला. खेळणारे येऊ लागले, तशा घरच्याच खोल्या मुक्कामाला मिळू लागल्या. अशा घरगुती उताऱ्याला ‘मिन्शुकू’ म्हणतात. चटईवर गादी, घरचे जेवण, आणि नोझावाना ही सलगमच्या कुळातली पालेभाजी मिठात मुरवलेली.

मला सर्वांत पटली ती आंघोळीची सोय. गावात ऊन पाण्याची १३ सार्वजनिक न्हाणीघरे आहेत. झाडलोट गावकरीच करतात. पाहुण्याने पेटीत खुशीने नाणे टाकायचे. ओगामा कुंडाचे पाणी तर सुमारे ९० अंश! तिथे बाया भाजी उकडून घेतात. पाहुण्यांना आत मज्जाव.

वसंतात हाच बर्फ वितळून भातखाचरांत उतरतो.