जुनी गाडी, खरी गाडी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मामेभावाच्या मुलाचं लग्न होतं. वरातीला घोडा नव्हता, चक्क ‘व्हिंटेज कार’ होती! लांबलचक नाक, पितळी भोंगा, बाजूला अडकवलेलं चाक. आम्ही सगळ्या बायकांनी हौसेनं फोटो काढून घेतले. माझी थोरली बहीण अक्का मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि माझ्या कानात म्हणाली, "अगं, बोटानं वाजवून बघ. प्लास्टिकच्या बादलीसारखा आवाज येतोय!"

चालकानं ते ऐकलं आणि तो हसला. "बरोबर ओळखलंत मावशी. बॉडी फायबरची आहे आणि खाली जीपचा सांगाडा. वरातीत कोण विचारतंय?"

त्याचंही खरंच होतं. त्यानं काही लपवलं नाही. वरातीपुरती हौस, तेवढंच भाडं. त्यात कोण फसलं?

पण बोलता बोलता अक्का बोलून गेली, "आमच्या गोठ्यात खरीखुरी विलीस जीप आहे हो, सासऱ्यांची." ते मांडवात कुणाच्या तरी कानावर पडलं. पंधरा दिवसांतच एक एजंट आजऱ्याला तिच्या दारात हजर!

अक्काच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, लष्कराच्या लिलावातली ही जीप एका ठेकेदाराकडून घेतलेली. काजू, भात, आजारी माणसं, सगळं तिनं वाहिलं. आबा गेले, मग भावजी गेले. जीप गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात गेली.

एजंट म्हणाला, "वहिनी, गाडी भंगारच आहे. ती राहू द्या तुमच्याकडे. मला फक्त आरसी बुक आणि नंबर कोरलेली पट्टी द्या. तीस हजार रोख."

अक्काला लेकीच्या नर्सिंगची फी भरायची होती. गाडीही राहतेय आणि पैसेही मिळतायत, आणखी काय हवं? तरी रात्री तिनं मला फोन केला. मी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारलं. ते एकदम म्हणाले, "बुक देऊ नका म्हणावं!"

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुने सुटे भाग आणि नवा पत्रा जोडून जीप बांधतात. त्यात कसब आहे, लबाडी नाही. लबाडी सुरू होते ती नव्या गाडीला जुन्या गाडीचं बुक चिकटवलं की. कालची जीप एका रात्रीत ‘1944 ची’ होते आणि कितीतरी पट किमतीला जाते. उद्या त्या गाडीनं अपघात केला, तर पोलीस बुकावरचं नाव बघून येणार अक्काच्याच दारात!

मिस्त्री माझ्याबरोबर आजऱ्याला आले. मैत्रिणींनो, त्या दिवशी मी जे शिकले ते तुम्हालाही सांगते. आपण पैठणी घेताना काय करतो? पदर उलटून बघतो. हातमागाची असेल तर नक्षी मागूनही स्वच्छ दिसते, यंत्रावरची असेल तर धागे लोंबतात. गाडीचंही तसंच. रंगाकडे बघायचं नाही, खाली वाकायचं.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस आणि फोर्ड जीपच्या तोंडाला नऊ उभ्या फटी असतात (अगदी सुरुवातीच्या विलीसना जोडलेल्या पट्ट्यांची जाळी होती). युद्धानंतरच्या मुलकी जीपला सात. पुढचे दिवे बिजागरीवर उलटे फिरतात, म्हणजे अंधारात इंजिन दुरुस्त करता यावं. मागे उघडायचं दार नसतं, सुकाणू डावीकडे असतं आणि इंजिन पेट्रोलचं. पुढच्या टोकाला सांगाड्याचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीस, पन्हळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डनं तर आपल्या बोल्टांवरसुद्धा एफ अक्षर उठवलेलं असतं.

पण एकाच खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. नऊ फटींची जाळी कुणीही बसवू शकतं. सगळ्या खुणांची एकमेकींशी आणि कागदाशी गाठ पडली पाहिजे. मिस्त्रींनी सांगाड्यावरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, लहानपणी आपण नाण्याचा छाप घ्यायचो तशी. तो नंबर बुकाशी जुळला. मग मी अक्काच्या फ्रिजवरचं लोहचुंबक पत्र्यावर फिरवलं. पत्र्याला चिकटतं, पण फायबरला किंवा जाड भरलेल्या लांबीला चिकटत नाही. दोन ठिकाणी ते गळून पडलं.

सांगाडा अस्सल विलीसचा निघाला. पण जाळी सात फटींची होती आणि इंजिन डिझेलचं! अक्काला आठवलं, झाडावर आदळल्यावर जाळी बदललेली, आणि पेट्रोल परवडेना म्हणून आबांनीच इंजिन बदललेलं. बुकात तशी नोंदही होती. तिचा चेहरा पडला. "म्हणजे आपलीही नकलीच की!"

"नकली कशी?" मिस्त्री म्हणाले. "वापरलेली आहे. फक्त लपवू नका."

2021 च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी, चारचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं. पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिन बदललेलं नसावं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. अक्काची जीप त्यात बसणार नव्हती.

शेवटी कोल्हापूरच्या एका हौशी गृहस्थांनी ती घेतली. अक्कानं काय मूळचं आणि काय बदललेलं, ते कागदावर स्वतःच्या हातानं लिहून दिलं. मी म्हटलं, "अगं, इंजिनाचं आधी कशाला सांगतेस?" तर म्हणाली, "त्या एजंटात आणि माझ्यात मग फरक काय?"

मूळ इंजिन असतं तर भाव जास्त आला असता, पण भाचीची त्या वर्षीची फी भागली. आणि मुख्य म्हणजे आरटीओत नाव बदलल्याचा कागद हातात आल्यावरच अक्कानं बुकावरचा हात काढला.

तुमच्याही गोठ्यात, परसात एखादी जुनी जीप, स्कूटर, बुलेट धूळ खात असेल. विकायची तर जरूर विका. पण गाडीपासून कागद वेगळे करून देऊ नका, आणि कोऱ्या अर्जावर सही तर मुळीच करू नका.