पान्ह्याचा रेणू आणि प्रयोगशाळेची शिस्त

नगरच्या सावेडीतून मनमाड रस्त्याला लागलं की घरांची दाटी हळूहळू ओसरते आणि ऊस, मका, लसूणघास अन् गोठे दिसू लागतात. याच रस्त्यावर पुढे राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. होल्स्टिन, जर्सी आणि गीर या तिघींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तिथेच तयार झाली. दुधावर घर चालवणाऱ्या या पट्ट्यात एका रेणूचं नाव गोठ्यात दबक्या आवाजात घेतलं जातं आणि तेच नाव सावेडीतल्या प्रसूतिगृहांत रोज उघडपणे उच्चारलं जातं. तो रेणू म्हणजे ऑक्सिटोसिन. माणसाने प्रयोगशाळेत बनवलेलं हे पहिलं पेप्टाइड संप्रेरक. पेप्टाइड म्हणजे काय, ते कसं बनतं आणि कसं जपावं लागतं, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

पान्हा फुटतो तेव्हा

वासरू सडाला ढुशा देऊ लागलं की सडातल्या मज्जातंतूंमार्फत गाईच्या मेंदूकडे निरोप जातो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि थोड्याच वेळात कासेपर्यंत पोचतं. कासेत दूध साठवणाऱ्या बारीक पिशव्यांभोवती स्नायूसारख्या पेशींचं जाळं असतं. ऑक्सिटोसिन मिळताच त्या पेशी आवळल्या जातात, दूध खाली ढकललं जातं आणि सड तटतटतात. रक्तात हा रेणू जेमतेम काही मिनिटं टिकतो. म्हणूनच जाणता गवळी पान्हा आल्यावर धार काढताना मध्येच उठत नाही.

गाय बिथरली, कुत्रं भुंकलं, अनोळखी माणूस गोठ्यात शिरला, की अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि पान्हा अडतो. गाय पान्हा चोरते असं आपण म्हणतो, त्यामागे हे रसायन आहे. आईच्या स्तनातही नेमकं हेच घडतं. बाळंतपणात गर्भाशय आकुंचन पावण्यामागेही हाच रेणू असतो. बाळ जन्मल्यानंतर गर्भाशय घट्ट आवळलं गेलं नाही तर उघड्या रक्तवाहिन्यांतून रक्तस्राव सुरू राहतो. प्रसूतीनंतरच्या अशा रक्तस्रावाने जगात दरवर्षी हजारो माता दगावतात. तो टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला डोस आहे १० युनिट ऑक्सिटोसिन, म्हणजे साधारण १७ मायक्रोग्रॅम. या हिशेबाने एक ग्रॅम शुद्ध ऑक्सिटोसिनमधून जवळपास ६० हजार मातांचे डोस होतात. इतक्या कमी मात्रेत काम करणाऱ्या पदार्थाच्या शुद्धतेत आणि साठवणुकीत ढिलाई चालत नाही.

नऊ अमिनो आम्लं, एक कडं

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांचीच छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. ऑक्सिटोसिनच्या साखळीत अशी नऊ आम्लं आहेत : सिस्टीन, टायरोसीन, आयसोल्युसीन, ग्लुटामीन, अस्पॅराजीन, पुन्हा सिस्टीन, प्रोलीन, ल्युसीन आणि शेवटी ग्लायसीन. पहिल्या आणि सहाव्या जागेवरच्या सिस्टीनमध्ये गंधकाचे अणू असतात. ते एकमेकांना धरतात आणि सहा आम्लांचं कडं तयार होतं. उरलेली तीन आम्लं त्या कड्याला शेपटीसारखी लोंबतात. गंधक-गंधकाच्या या जोडाला डायसल्फाइड बंध म्हणतात.

आम्लांच्या क्रमाला किती महत्त्व आहे, ते याच्या भावंडाकडे पाहिलं की कळतं. तिसऱ्या जागी फिनाइलअ‍ॅलनीन आणि आठव्या जागी आर्जिनीन ठेवलं, बाकी सगळं तसंच राहू दिलं, की व्हॅसोप्रेसिन तयार होतं. त्याचं मुख्य काम मूत्रपिंडात पाणी राखण्याचं आणि रक्तवाहिन्या आवळण्याचं. नवांपैकी दोन आम्लं बदलली आणि रेणूचा व्यवसायच बदलला.

१९०६ मध्ये हेन्री डेल यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं, हे नोंदवलं. पुढची कित्येक दशकं हा अर्क जनावरांच्या ग्रंथींपासूनच काढला जाई. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिनमधल्या आम्लांचा क्रम उलगडला आणि लगोलग तो रेणू प्रयोगशाळेत बांधूनही दाखवला. बनवलेला आणि नैसर्गिक रेणू एकच आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी दोन्हींची रासायनिक आणि जैविक कसोट्यांवर कसून तुलना केली. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना यांपैकी कोणताही रेणू शिरेतून सुमारे एक मायक्रोग्रॅम दिला, तरी २० ते ३० सेकंदांत पान्हा फुटत होता. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

साखळी बांधण्याची युक्ती

द्यू विन्यो यांच्या पद्धतीत प्रत्येक पायरीला मधला पदार्थ वेगळा काढून शुद्ध करावा लागे. त्यात वेळ जाई आणि मालही जाई. १९६३ मध्ये ब्रूस मेरिफिल्ड यांनी यावर तोड काढली. साखळीचं एक टोक त्यांनी प्लॅस्टिकच्या बारीक, न विरघळणाऱ्या मण्याला पक्कं जोडलं. जनावर दावणीला बांधलेलं असलं की गोठ्यात कितीही पाणी मारा, शेण-मूत वाहून जातं आणि जनावर जागेवर राहतं. तसंच इथे प्रत्येक पायरीनंतर मणी धुतले की उरलेली रसायनं निघून जातात आणि वाढती साखळी मण्यालाच राहते. या पद्धतीसाठी मेरिफिल्ड यांना १९८४ चं नोबेल मिळालं.

आज यंत्रं हेच काम करतात. नव्या अमिनो आम्लाच्या एका टोकावर रासायनिक टोपी घातलेली असते, म्हणजे एका वेळी एकच आम्ल जोडलं जातं. जोड झाला की टोपी काढायची, धुवायचं आणि पुढचं आम्ल आणायचं. शेवटी ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्लाने साखळी मण्यापासून सोडवली जाते. हे आम्ल कातडी जाळतं आणि त्याची वाफ फुफ्फुसांना घातक असते. त्यामुळे धूर ओढणाऱ्या कपाटाबाहेर, हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. ऑक्सिटोसिनच्या बाबतीत अजून एक नाजूक पायरी उरते : दोन सिस्टीनचा जोड. हे काम पातळ द्रावणात करतात, कारण द्रावण दाट असेल तर एका साखळीचं गंधक शेजारच्या साखळीला जाऊन चिकटतं आणि दोन रेणू जुळून बसतात.

साखळी लांबली की अडचण किती वाढते, हे साध्या गणितातून दिसतं. प्रत्येक जोड ९५ टक्के यशस्वी झाला, तर तीस आम्लांच्या साखळीतले २९ जोड पार करून हवा तो रेणू जेमतेम २३ टक्के उरतो. यश ९९ टक्के असेल तर तोच आकडा ७५ टक्क्यांवर जातो. बाकीचा माल म्हणजे एखादं आम्ल गळालेल्या, अर्धवट राहिलेल्या साखळ्या. त्या वेगळ्या काढण्यासाठी मिश्रण उच्च दाबाखाली बारीक कणांनी भरलेल्या नळीतून सोडतात. सारखे दिसणारे रेणूही त्यातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मग वस्तुमानमापकावर रेणूचं वजन तपासतात. ऑक्सिटोसिनचा रेणुभार सुमारे १००७ आहे. आकडा जुळला नाही तर बाटलीवरचं नाव काहीही असो, आतला माल तो नव्हे.

कुपीतली पांढरी भुकटी

शुद्ध झालेलं द्रावण गोठवून, निर्वातात त्यातलं पाणी उडवून दिलं की हलकी पांढरी भुकटी उरते. प्रयोगशाळेत पेप्टाइड येतं ते या रूपात, आणि त्याला हाताळण्याची शिस्त इथून सुरू होते.

कुपी साधारणपणे उणे २० अंश सेल्सिअसला, कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवतात. बाहेर काढल्यावर लगेच उघडत नाहीत. थंड कुपीचं झाकण काढलं तर हवेतली वाफ आत जमते आणि भुकटी ओल धरते. म्हणून कुपी आधी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ देतात, तीही आर्द्रता शोषणाऱ्या भांड्यात. नगरच्या कोरड्या मे महिन्यात हे फार काटेकोर वाटेल, पण जुलैच्या दमट हवेत याच पायरीवर माल वाया जातो.

पुढची चूक वजनात होते. लेबलवरची ‘शुद्धता ९८ टक्के’ याचा अर्थ कुपीतल्या वजनाचे ९८ टक्के पेप्टाइड, असा नसतो. शुद्धता तपासताना मिळणाऱ्या आलेखावर दिसणाऱ्या पेप्टाइडांपैकी हवं ते ९८ टक्के आहे, एवढंच त्यातून कळतं. भुकटीला धरून राहिलेलं पाणी आणि आम्लाचा क्षार या हिशेबात येतच नाहीत. समजा कुपीत ५ मिलिग्रॅम भुकटी आहे आणि तिच्या वजनात निव्वळ पेप्टाइड ८० टक्के आहे, तर त्याच्या ९८ टक्के, म्हणजे हवा तो रेणू ३.९२ मिलिग्रॅमच मिळतो. हे न पाहता द्रावण केलं, तर प्रयोगातला प्रत्येक डोस पाचव्या भागाहून अधिक चुकलेला असतो.

द्रावण करताना निर्जंतुक पाणी किंवा सौम्य आम्लधर्मी द्रावण हळूच सोडतात आणि कुपी अलगद फिरवतात. जोरात हलवलं तर फेस येतो, आणि काही पेप्टाइडं त्याने गोळा होतात. मग द्रावण लहान लहान नळ्यांत वाटून गोठवतात, म्हणजे दर वेळी लागेल तेवढीच एक नळी बाहेर काढता येते. पुन्हा पुन्हा वितळवून गोठवणं पेप्टाइडला मानवत नाही. प्रत्येक नळीवर नाव, तीव्रता आणि तारीख लिहितात. हातमोजे असतातच, आणि गर्भवती सहकाऱ्यांना ऑक्सिटोसिनच्या भुकटीपासून दूर ठेवतात.

उन्हाळा आणि इंजेक्शन

ऑक्सिटोसिनचं द्रावण ४.५ च्या आसपासच्या पीएचला, म्हणजे सौम्य आम्लतेला, सर्वांत टिकाऊ असतं. आम्लता यापेक्षा कमी-जास्त झाली आणि उष्णता वाढली, की गंधकाचा बंध सुटू लागतो, रेणू एकमेकांना जुळतात, ग्लुटामीन आणि अस्पॅराजीनमधले अमाइड गट निसटतात. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. अ‍ॅम्प्यूल पाण्यासारखंच नितळ राहतं, आतला रेणू मात्र कमी होत जातो. म्हणूनच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर ठेवायचं असतं. नगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. वीज गेलेल्या दुपारी एखाद्या उपकेंद्रातला फ्रीज किती तास बंद होता, यावर रात्री बाळंत होणाऱ्या बाईचा रक्तस्राव थांबणं अवलंबून असू शकतं.

या अडचणीवर रसायनशास्त्राने एक उत्तर शोधलं आहे. कार्बेटोसिन या भावंड रेणूत एका गंधकाऐवजी कार्बन बसवला आहे आणि साखळीच्या सुरुवातीचा मोकळा अमिनो गट काढून टाकला आहे. त्यामुळे शरीरातल्या विकरांना तो सहज तोडता येत नाही. द्रावणाची घडणही बदलली, तेव्हा तो ३० अंशांना तीन वर्षं टिकू लागला. भारतासह दहा देशांतल्या जवळपास ३० हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तस्राव रोखण्यात तो ऑक्सिटोसिनपेक्षा कमी ठरला नाही.

गोठ्यात सुई कशाला?

रेडकू दगावलं की म्हैस पान्हा चोरते आणि काही जण सुई हातात घेतात. ऑक्सिटोसिन दूध तयार करत नाही, कासेत असलेलं दूध खाली सोडवतं, एवढंच. रोज सुई मिळत गेली की जनावराचा स्वतःचा पान्हा मंदावतो आणि सुईशिवाय धार निघेनाशी होते. जनावराच्या आरोग्याला घातक ठरणारी, दूध वाढवण्यासाठीची इंजेक्शनं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ नुसार गुन्हा आहेत. हा गैरवापर रोखण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवायला मनाई केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ती अधिसूचना रद्द केली, कारण त्यामुळे मातांसाठी लागणारं औषधच दुर्मीळ होण्याचा धोका होता. गोठ्यातल्या गैरवापराची किंमत प्रसूतिगृहाला मोजावी लागली असती.

दुधातून ऑक्सिटोसिन पोटात जातं, ही भीती मात्र रसायनाच्या कसोटीवर टिकत नाही. पचनसंस्थेतली विकरं पेप्टाइडचे तुकडे करतात. म्हणून तर हे औषध गोळीने न देता सुईने द्यावं लागतं. खरी हानी जनावराची होते.

‘फक्त संशोधनासाठी’

आता गैरवापराचा हाच प्रश्न शहरात नव्या रूपात येतो आहे. स्नायू भरण्यासाठी, दुखापत लवकर बरी होण्यासाठी, वजन उतरवण्यासाठी म्हणून ऑनलाइन पेप्टाइडच्या कुप्या विकल्या जातात. त्यांवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं. बीपीसी-१५७ हे त्यांतलं गाजलेलं नाव. १५ आम्लांच्या या पेप्टाइडवर जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने २०२२ पासून खेळाडूंसाठी बंदी घातली आहे आणि माणसांवरच्या वापरासाठी त्याला औषध म्हणून मान्यता नाही. ‘संशोधनासाठी’ या शिक्क्याचा अर्थ असा, की ती कुपी निर्जंतुक आहे, तिच्यात जंतूंची विषं नाहीत आणि आतला डोस बरोबर आहे, याची हमी कुणीही घेतलेली नाही. कुरिअरच्या गाडीत ती किती दिवस उन्हात तापली, हे लेबलवर लिहिलेलं नसतं.

पेप्टाइडचं सामर्थ्य त्याच्या क्रमात आहे आणि त्याचं आयुष्य ते हाताळणाऱ्याच्या शिस्तीत. म्हणून वाचकांना विनंती : पेप्टाइडचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. औषधाच्या दुकानात फ्रीजमधलं इंजेक्शन घ्याल तेव्हा ते बर्फाच्या पिशवीत मागून घ्या, पण बर्फाला थेट टेकवून गोठू देऊ नका. संशोधनाची कुपी शरीरात टोचू नका. आणि जनावर पान्हा चोरत असेल तर सुई शोधण्याऐवजी पशुवैद्यकाला बोलवा, गोठा शांत ठेवा, रोज त्याच वेळी, त्याच हाताने धार काढा.