तटस्थ अमेरिका युद्धात कशी ओढली गेली?

दोन बलाढ्य राष्ट्रे झुंजत असता एखाद्या तिसऱ्या राष्ट्राने तटस्थ राहावयाचे ठरविले, तर त्याला ते साधते काय? भूमीवर सरहद्द आखलेली असते आणि तिच्या आत राहणे आपल्या हाती असते. समुद्रावर अशी सरहद्द नसते. तेथे तटस्थाची जहाजे आणि लढणाऱ्यांची जहाजे एकाच वाटेने जातात, आणि वाटेवर अधिकार चालतो तो ज्याच्या तोफा अधिक त्याचा. या कोड्याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे १७९३ ते १८१२ या काळातील अमेरिकेची संयुक्त संस्थाने होत.

ब्रिटनने या संस्थानांचे स्वातंत्र्य १७८३ साली मान्य केले. नवी राज्यघटना १७८९ साली अंमलात आली. त्यानंतर चारच वर्षांनी ब्रिटन व फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले. १७९०च्या शिरगणतीप्रमाणे अवघी ३९ लाख वस्ती आणि आरमार मुळीच नाही, अशा राष्ट्राला लढाई परवडण्यासारखी नव्हती. २२ एप्रिल १७९३ रोजी अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी तटस्थतेचा जाहीरनामा काढला. या तटस्थतेत सुरक्षितता होती, तसा नफाही होता. युरोपची जहाजे युद्धात गुंतल्यामुळे वेस्ट इंडीज बेटांतील साखर व कॉफी वाहून नेण्याचा धंदा अमेरिकन तारवांकडे चालून आला.

तंट्याचे बीज या नफ्यातच होते. ब्रिटनचे म्हणणे असे की, शांततेच्या काळी फ्रान्सने जो व्यापार परक्यांना बंद ठेवला, तो युद्धकाळात तटस्थांनी चालविणे म्हणजे शत्रूला मदत करणे होय. त्यावर अमेरिकन व्यापाऱ्यांनी तोड काढली. बेटांवरचा माल प्रथम अमेरिकेच्या बंदरात उतरवावयाचा, त्यावर जकात भरावयाची आणि मग तोच माल युरोपकडे रवाना करावयाचा. ब्रिटिश न्यायालयांनी काही वर्षे ही पळवाट चालू दिली. १८०५ साली ‘एसेक्स’ जहाजाच्या प्रकरणात मात्र ती बंद केली आणि जप्त्यांना ऊत आला.

तरीही केवळ मालावरून उठलेले तंटे मिटविता येत होते. १७९४ साली ब्रिटनशी झालेल्या ‘जे’ तहाने पुष्कळ वाद लवादाकडे सोपविले. याच तहान्वये हिंदुस्थानातील ब्रिटिश बंदरेही अमेरिकन जहाजांना खुली झाली. हा तह फ्रान्सला झोंबला. त्याने अमेरिकन जहाजे पकडण्याचा सपाटा लावला, आणि १७९८ पासून दोन वर्षे या दोघांत समुद्रावर अघोषित लढाई चालली. तीही १८०० साली कराराने थांबली. जहाजाची आणि साखरेच्या पोत्यांची किंमत करता येते. भरपाई मिळाली की मालक घरी जातो.

माणसांच्या बाबतीत हे शक्य नव्हते. ब्रिटिश आरमारात खलाशांची चणचण होती. तेथील चाकरी कठोर, वेतन तुटपुंजे. म्हणून शेकडो खलाशी पळून अमेरिकन जहाजांवर नोकरी धरीत. त्यांना परत धरून नेण्यासाठी ब्रिटिश अधिकारी भर समुद्रात अमेरिकन जहाजे थांबवीत आणि डेकवर खलाशांची रांग उभी करीत. ब्रिटिश कायद्याप्रमाणे जन्माने जो ब्रिटिश प्रजाजन तो कायमचा प्रजाजन. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे परक्यालाही रीतसर नागरिक होता येत असे. दोहोंची भाषा एक, चेहरेपट्टी एक. १७९६ पासून खलाशांना नागरिकत्वाचे दाखले मिळू लागले, पण असे दाखले विकतही मिळत, त्यामुळे अधिकारी त्यांना जुमानीत नसत. अशा रीतीने हजारो अमेरिकन परक्या आरमारात जबरीने राबविले गेले. १८०६ साली लंडनमध्ये व्यापारविषयक तहाचा मसुदा ठरला, परंतु त्यात ही सक्ती थांबविण्याचे कलम नव्हते. अध्यक्ष जेफर्सन यांनी तो सिनेटपुढे ठेवलाच नाही.

२२ जून १८०७ रोजी ठिणगी पडली. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ ‘लेपर्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेने ‘चेसापीक’ या अमेरिकन युद्धनौकेवर तोफा डागल्या. तिघे जागीच ठार झाले, अठरा जखमी झाले आणि चार खलाशांना धरून नेण्यात आले. त्यांतील तिघे अमेरिकन होते. राष्ट्रात संतापाची लाट उसळली. जेफर्सन यांनी मात्र तलवारीऐवजी व्यापाराचे हत्यार उचलले. डिसेंबर १८०७ मध्ये त्यांनी आपल्याच जहाजांना परदेशी जाण्याची बंदी केली.

यामागे आणखी एक कारण होते. ट्रफाल्गरनंतर समुद्र ब्रिटनच्या हाती गेला होता आणि युरोपची भूमी नेपोलियनच्या. १८०६-०७ मध्ये नेपोलियनने फर्माने काढून ब्रिटनशी होणारा व्यापार निषिद्ध ठरविला, तर ब्रिटनने वटहुकूम काढून फ्रान्सकडे जाणाऱ्या तटस्थ जहाजांनी आधी आपली परवानगी घ्यावी असे बजावले. एकाची आज्ञा पाळावी तर दुसरा जहाज जप्त करी. पण बंदीचा तडाखा बसला तो घरच्यांनाच. १८०७ साली अमेरिकेची निर्यात सुमारे १० कोटी ८० लाख डॉलर होती, ती पुढच्या वर्षी २ कोटी २० लाखांवर आली. बंदरे ओस पडली आणि मार्च १८०९ मध्ये बंदी उठवावी लागली.

निषेध झाला, वाटाघाटी झाल्या, व्यापारबंदीही झाली. प्रत्येक उपाय वाया गेला तसतसा युद्धाच्या अलीकडचा एकेक टप्पा संपत गेला. पश्चिमेकडील वसाहतवाल्यांना कॅनडाच्या भूमीचा मोह होता, आणि ब्रिटिश लोक आदिवासी इंडियन जमातींना चिथावतात असा त्यांचा आरोप होता. त्यांचा आवाज चढत गेला. १ जून १८१२ रोजी अध्यक्ष मॅडिसन यांनी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात खलाशांवरील सक्ती हीच पहिली तक्रार होती. प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ मतांनी युद्धाचा ठराव संमत झाला. विशेष हे की, ज्यांची जहाजे पकडली जात होती त्या न्यू इंग्लंडच्या व्यापाऱ्यांचाच युद्धाला कडवा विरोध होता. जप्त्या सोसूनही त्यांना व्यापार परवडत होता.

१८ जूनला युद्ध जाहीर झाले, आणि २३ जूनला ब्रिटनने ते जाचक वटहुकूम मागे घेतले! शिडाच्या जहाजाने बातमी पोहोचावयास काही आठवडे लागत. ती पोहोचल्यावरही युद्ध थांबले नाही, कारण मालाचा प्रश्न सुटला तरी माणसांचा शिल्लक होता. ‘चेसापीक’वरून नेलेल्या तिघा अमेरिकनांपैकी एकजण कैदेतच वारला; उरलेले दोघे त्या जहाजावर परत आले, तोवर युद्ध सुरू होऊन गेले होते.

२४ डिसेंबर १८१४च्या घेंट येथील तहात खलाशांच्या सक्तीविषयी एक अक्षरही नव्हते. युरोपातील युद्ध थांबले, आरमाराची गरज ओसरली आणि सक्ती आपोआप बंद पडली. ज्या हक्कासाठी युद्ध झाले तो कागदावर कोणीच मान्य केला नाही. ज्याला तटस्थ राहावयाचे आहे त्याने यावरून एक ओळखावे: मालाचा तंटा हिशेबाने मिटतो, परंतु ‘हा माणूस कोणाचा’ हा तंटा वेळीच मिटविला नाही, तर तटस्थतेचा जाहीरनामा फार काळ टिकत नाही.