९.८ कशाचे?

गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात ९.८ हा आकडा आला की त्याच्या पाठोपाठ मीटर प्रति सेकंद वर्ग हे एकक येते. ते चूक नाही. तरीही विद्यार्थ्याच्या हाती आधी न्यूटन प्रति किलोग्रॅम द्यावे आणि त्वरणाचे एकक मागाहून, असे माझे ठाम मत आहे. ताणकाट्याला एक किलो गुळाची ढेप टांगा. ढेप जागची हलत नाही, म्हणजे तिचा वेग शून्य आणि त्वरणही शून्य. पण स्प्रिंग ताणलेली असते आणि काटा ९.८ न्यूटनवर असतो. दोन किलो टांगले तर १९.६. वजनाला वस्तुमानाने भागले की दर वेळी तेच उत्तर येते, कारण ते त्या जागेचे आहे: इथे दर किलोमागे इतकी ओढ. काहीच पडत नसताना त्वरण कसले, हा मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि क्षेत्राची तीव्रता ही कल्पना त्याला सरळ उत्तर देते.

जागा बदलली की ओढ बदलते याचा पुरावा जुना आहे. १६७२ साली झाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला दिसले की पॅरिसला बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडते. उकाड्याने लंबकाची दांडी लांबली असेल, ही शंका साहजिक होती; न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त तिचा विचार केला आणि एवढा फरक उष्णतेने पडणार नाही असे दाखवले. आज आपल्याला माहीत आहे की समुद्रसपाटीला विषुववृत्तावर हा आकडा ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२ आणि मुंबईच्या अक्षांशावर सुमारे ९.७८६ असतो. तराजूला हा फरक कळत नाही, कारण माल आणि माप दोन्हींवरची ओढ सारखीच बदलते. ताणकाट्याला कळतो.

यावर मोठा आक्षेप असा की, एक न्यूटन म्हणजे एक किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद वर्ग; किलोग्रॅमने भागले की दोन्ही एकके एकच ठरतात, मग वाद कशाचा? गणित म्हणून हे बिनतोड आहे. पण विद्युतक्षेत्राकडे पाहा. तिथे तीव्रता न्यूटन प्रति कूलोम असते आणि एकाच क्षेत्रात इलेक्ट्रॉनचे त्वरण प्रोटॉनच्या सुमारे १८३६ पट भरते. तीव्रता आणि त्वरण तिथे उघड उघड वेगळे आहेत. गुरुत्वात ते जुळतात, कारण ओढ ठरवणारे वस्तुमान आणि जडत्व ठरवणारे वस्तुमान सारखे निघते. हे कागदावर सिद्ध होत नाही, मोजावे लागते. हंगेरीच्या ओट्वोशने बारीक तारेला टांगलेल्या दांडीने ते मोजले. २०१६ मध्ये सोडलेल्या फ्रान्सच्या ‘मायक्रोस्कोप’ उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंची तुलना केली, आणि एकावर पंधरा शून्ये एवढ्या भागांतल्या काही भागांपर्यंत फरक सापडला नाही. आइनस्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत याच समानतेवर उभा आहे. पहिल्याच दिवशी दोन्ही एकके एक करून टाकली, तर एवढी मोठी गोष्ट विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटते.

त्याच गोंधळातून अंतराळ स्थानकात गुरुत्व नसते हा समज पसरतो. जमिनीपासून ४०० किलोमीटरवर तीव्रता सुमारे ८.७ न्यूटन प्रति किलोग्रॅम आहे. स्थानक आणि अंतराळवीर एकत्रच पडत असतात, म्हणून तिथला ताणकाटा शून्य दाखवतो.

भूभौतिकशास्त्रज्ञ मात्र गॅल वापरतात, म्हणजे एक सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग, आणि तेही योग्यच आहे: त्यांचे सर्वांत अचूक उपकरण निर्वातात आरसा खाली सोडून लेसरने त्याचे पडणे मोजते. आणखी एक हरकत उरते: जमिनीवरच्या ताणकाट्याच्या आकड्यात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम मिसळलेला असतो, मग ती निखळ तीव्रता कशी? खरे आहे, पण पडत्या आरशाच्या आकड्यातही तो तितकाच मिसळलेला असतो. विषुववृत्तावर त्याने सुमारे ०.०३४ कमी होतात. ध्रुवांशी असलेल्या ०.०५२ च्या फरकातला उरलेला भाग पृथ्वी मध्यावर फुगीर असल्यामुळे पडतो.