अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर?

कपड्यांच्या दुकानावर 'लेडीज वेअर' आणि 'मेन्स वेअर' अशा पाट्या शेजारी-शेजारी असतात. व्याकरणाप्रमाणे इंग्रजीत 'लेडीज'मध्ये अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर येते आणि 'मेन्स'मध्ये एसच्या आधी. दोन्ही ठिकाणी नियम मात्र एकच आहे.

आधी मालक कोण, ते पूर्ण लिहायचे. चिन्ह त्यानंतर. 'लेडीज' हे अनेकवचन एसने संपते, म्हणून पुढे नुसती अपॉस्ट्रॉफी. 'मेन' आणि 'चिल्ड्रन' ही अनेकवचने एसने संपत नाहीत, म्हणून अपॉस्ट्रॉफी आणि मग एस. एका मुलाची वही असेल, तर 'बॉय'नंतर चिन्ह आणि एस. अनेक मुलांची असेल, तर 'बॉइज' लिहून शेवटी चिन्ह. 'मुलाची' आणि 'मुलांची' यांतला फरक आपल्याकडे अनुस्वार दाखवतो, तिथे चिन्हाची जागा दाखवते. इंग्रजीत हा फरक कानाला कळत नाही. म्हणूनच लिहिताना तो चुकता कामा नये.

हे चिन्ह मुळात गळलेल्या अक्षराची खूण. जुन्या इंग्रजीत अनेक नामांची षष्ठी 'एस'च्या आधी 'ई' लावून होत असे. पुढे तो 'ई' उच्चारातून गेला आणि त्याच्या जागी अपॉस्ट्रॉफी रुळली. अनेकवचनी मालकासाठी ती एसनंतर देण्याची पद्धत अठराव्या शतकात स्थिरावली.

साध्या अनेकवचनाला मात्र तिची गरज नाही. दारावर 'द जोशीज' लिहायचे, तर जोशीला थेट एस जोडावा. मध्ये अपॉस्ट्रॉफी आली की 'जोशींचे' असे काहीतरी अर्धवट उरते. 'इट्स'चेही तसेच. 'इट इज' किंवा 'इट हॅज'चे लघुरूप असेल तरच चिन्ह. 'त्याचे' या अर्थी 'हिज', 'हर्स'प्रमाणेच ते नको.

एसने संपणाऱ्या विशेषनामांत दोन्ही रिती चालतात. लंडनच्या 'सेंट जेम्सेस पार्क'मध्ये चिन्हानंतर आणखी एक एस आहे. न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाच्या नावात नाही. अमेरिकेचे भौगोलिक नामविषयक मंडळ तर 1890 पासून स्थळनावांत मालकीची अपॉस्ट्रॉफी टाळत आले आहे. 'मार्थाज व्हिनयार्ड'ला 1933 मध्ये अपवाद मिळाला. विशेषनाम आहे तसेच लिहावे. मुंबईच्या सेंट झेवियर्समधली अपॉस्ट्रॉफीही गाळू नये.

शाळेत हे चिन्ह पाठांतराने शिकवू नये. 'मालक एक की अनेक, आणि अनेकवचन एसने संपते का?' एवढे विचारायची सवय मुलांना लागली, तर त्यांना चिन्हाची जागा स्वतःच ठरवता येईल.